पॉवरचं बटण दाबून धरल्यावर

ऑगस्ट लागला की माझ्या दुकानात येणाऱ्या फोनांना वास यायचा. मागचं झाकण उघडलं की फवारणीच्या औषधाचा उग्र दर्प नाकात शिरायचा आणि बोटं चुरचुरायची. दिवाळीच्या आसपास तेच फोन पुन्हा यायचे. तेव्हा चार्जिंगच्या भोकात कापसाचा पुंजका अडकलेला असायचा. गिऱ्हाईक तोंड पाडून म्हणायचं, "भौ, चार्जिंगच नाई होऊन राह्यली, बोर्ड गेला वाटते." मी सुईनं पुंजका बाहेर ओढायचो आणि बोर्ड वाचला म्हणून त्याला झालेला आनंद बघत बसायचो. कपाशीचा हंगाम कुठवर आला हे कळायला मला कधी शेतात जावं लागलं नाही.

चिखलीच्या एसटी स्टँडजवळ माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. गाव देऊळघाट. रोज एसटीनं यायचं, एसटीनं जायचं. या अंकाच्या संपादकांचा निरोप आला की धंद्यातल्या गमतीजमती लिहा, सलीमभाई. गमती पुष्कळ आहेत, दोन-तीन सांगतोही. पण ज्या कामाचा मला सगळ्यात जास्त अभिमान होता, त्याच कामानं मला तोंड दाखवायला जागा ठेवली नाही. ते बाजूला ठेवून नुसत्या गमती लिहायच्या तर मी हा कागद हातातच घेतला नसता.

आधी काम काय ते सांगतो. फोनच्या कडेला पॉवरचं बटण असतं. ते दाबून धरलं की पडद्यावर एक लहानशी यादी उघडते: फोन बंद करा, पुन्हा सुरू करा, विमान मोड, आवाज बंद. ही यादी कंपनीनं ठरवलेली. फोन तुमचा, पैसे तुमचे, पण त्या यादीत एक ओळ वाढवायची किंवा कमी करायची सोय तुम्हाला नाही. मात्र यादी आहे म्हणजे ती कुठेतरी लिहिलेली असणारच. फोनच्या पोटात एक कप्पा असतो, तिथं मालकालाही शिरायची मनाई असते. त्या कप्प्यातल्या फाइलींवर अख्खा फोन चालतो. आधी त्या कप्प्याचं कुलूप काढायचं, मग नेमकी फाइल शोधून कॉम्प्युटरवर घ्यायची, उसवायची, हवी ती ओळ घालायची, पुन्हा शिवायची आणि होती तिथं ठेवायची. माझे अब्बा शिंपी होते. त्यांना मी काम समजावून सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "म्हंजे तू बी उसवाउसवीच करून राह्यला." फरक एवढाच की त्यांचा टाका चुकला तर सदरा आखूड व्हायचा. माझा चुकला तर फोन कंपनीचं चिन्ह दाखवत तिथंच अडकून बसायचा आणि काही केल्या पुढं सरकायचा नाही.

असे तीन फोन मी पहिल्या वर्षात मारले. एक माझा, एक मेव्हण्याचा, आणि तिसरा एका सज्जन तलाठ्याचा, ज्यांनी मला फक्त काच बदलायला दिली होती. इंग्रजीची माझी बोंबच. इंटरनेटवर जगभरचे रिकामटेकडे लोक एकमेकांना हे उद्योग शिकवत असतात. त्यांचं लिहिलेलं एकेक वाक्य मी शब्दकोशातून काढायचो. सहा महिन्यांनी हात बसला. चौथा फोन सुरू झाला, मी बटण दाबून धरलं आणि यादीत माझी ओळ दिसली. 'सलीम' एवढंच लिहिलं होतं. दाबलं की काहीच व्हायचं नाही. पण मी दिवसभर ते बटण दाबून बघत होतो.

मग गिऱ्हाईकं यायला लागली. रोहिणखेडचे एक हाफिजचाचा होते, त्यांची मुलगी चिखलीत दिलेली. नमाजच्या वेळी त्यांचा फोन हमखास वाजायचा आणि वाजायचं ते लग्नाच्या बँडचं गाणं, कारण नातवानं ते घालून दिलं होतं. मशिदीत मान वर करायची सोय राहिली नव्हती. मी त्यांच्या यादीत सगळ्यात वर 'नमाज' अशी ओळ घातली. दाबली की वीस मिनिटं फोन मुका, मग आपोआप बोलता. चाचांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. पुढच्या महिन्यात परत आले, खाली मान घालून म्हणाले, "बेटा, वीस मिनिट कमी पडते. सुनबाई बोलत असली का बी मी तेच दाबून देतो."

दुसरे एक कृषी केंद्रवाले शेठ. बियाणं आणि औषधं विकायचे. गावोगावी फिरणारी त्यांची चार माणसं दुपारी फोन बंद करून झाडाखाली झोपायची. शेठ म्हणाले, यादीतून 'बंद करा' ही ओळच काढून टाका. मी काढली. त्या माणसांनी आठवडाभरात उत्तर शोधलं. तेव्हा फोनच्या बॅटऱ्या निघायच्या, त्यांनी बॅटरीच काढून उशाला ठेवली. पुढं ज्या वर्षी गुलाबी बोंडअळी आली, त्या वर्षी हेच शेठ घाईघाईनं दुकानात शिरले. या बियाण्याच्या कपाशीला अळीची चिंता नाही, असं त्यांनी गावोगाव सांगून ठेवलेलं. आता लोक बोंडं फोडून आतली अळी त्यांच्या काउंटरवर आणून टाकत होते. शेठना यादीत अशी ओळ हवी होती की फोन चालू राहावा आणि समोरच्याला मात्र बंद लागावा. मी म्हटलं, "शेठ, असं करता येत नाही." येत होतं. पण त्या माणसाला लपायला मदत करायची माझी इच्छा नव्हती. तेव्हा मी स्वतःला फार नीतिमान समजत होतो.

गजानन माझ्याकडे आला तो अळीच्या आदल्या वर्षी. चिखलीपासून जीपनं वीस-पंचवीस मिनिटांवरच्या गावचा. स्वतःचं थोडं कोरडवाहू होतं, पण त्याचं खरं काम दुसऱ्यांच्या शेतात फवारणी करण्याचं. उंच, सडपातळ माणूस, पाठीवर पंपाच्या पट्ट्यांचे वळ पडलेले. लिहिता-वाचता येत नव्हतं. हातात जुना घेतलेला स्मार्टफोन, दुधाच्या पिशवीत गुंडाळलेला. पिशवीतूनच तो पडद्यावर बोट चालवायचा.

त्यानं सांगितलं ते असं. कपाशी आता डोक्याच्या वर जाते. आत शिरलं की माणूस बाहेरून दिसत नाही. बॅटरीवरच्या पंपाचा फवारा बारीक धुक्यासारखा उडतो आणि वारा फिरला की सगळा तोंडावर येतो. गेल्या हंगामात एकदा त्याला शेतातच अंधारी आली, घाम फुटला, हात थरथरायला लागले. डोळ्यांपुढं सगळं पुसट. फोन काढला, पण नावांची यादी उघडून त्यातून बायको शोधणं काही जमेना. नशीब म्हणून कुणीतरी धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, चाललं होतं.

"मले असं पाह्यजे भौ," तो म्हणाला, "का डोये झाकून बटन दाबलं तं मंदाले लागला पाह्यजे."

मंदा त्याची बायको. ती शेजारीच उभी होती. म्हणाली, "त्यापरीस फवारणी सोड म्हना ना त्याईले, सलीमभौ."

"मंग खाचं काय? तुही बडबड?" गजानन म्हणाला, आणि दोघंही हसले.

मी ते काम आठ दिवस केलं. इतकं मन लावून मी दुसरं कुठलंच काम केलेलं नाही. पॉवरचं बटण दाबून धरलं की पूर्ण पडदाभर एकच लाल पट्टा यायचा आणि त्यावर मंदाचा फोटो. कुठंही बोट ठेवा, तिला फोन लागणार. कुलूप उघडायला नको, नाव शोधायला नको. 'बंद करा' ही ओळ मी तळाशी बारीक करून टाकली होती. फोटो काढायला मंदा लाजत होती. मी दुकानाबाहेर उन्हात उभं करून काढला. तिनं पदर डोक्यावर घेतलेला आणि नजर गजाननकडे.

गजाननानं बटण दाबलं, बोट ठेवलं, आणि दोन हातांवर उभ्या असलेल्या मंदाच्या पिशवीत फोन वाजला. तो माणूस लहान पोरासारखा हरखला. गावात लोक त्याला चिडवायचे म्हणे, याचा फोन बंद करायला गेलं तर बायको निघते.

आता यात मी काय चुकलो ते सांगतो. मंदाचा नंबर मी थेट त्या फाइलीतच लिहिला. दहा आकडे. खरं तर फाइलीत एवढंच लिहायला हवं होतं की फोनबुकात 'मंदा' या नावापुढं जो नंबर असेल तो लाव. मग उद्या नंबर बदलला तरी हरकत नव्हती. मला ते माहीत होतं. त्याला आणखी दोन-तीन दिवस लागले असते आणि मला ते काम कुणालातरी दाखवायची घाई झाली होती. शेजारच्या दुकानदारांना, मेव्हण्याला, ज्याला-त्याला. दहा आकडे टाकले आणि मोकळा झालो.

तो हंगाम नीट गेला. मग अळीचं वर्ष आलं आणि त्याच वर्षी घरोघर नव्या सिमचं वेड शिरलं होतं. बोलणं जवळजवळ फुकट, इंटरनेट फुकट. जुनं सिम काढायचं, नवं घालायचं. नंबर बदलला तरी कुणाला फिकीर नव्हती. माझ्या दुकानासमोर रांगा लागायच्या. अंगठ्याच्या मशीनवर अंगठा ठेवला की सिम चालू.

मंदा त्या रांगेत होती. तिचा अंगठा मशीन घेईना. वर्षानुवर्षं कापूस वेचून, निंदून तिच्या बोटांवरच्या रेषाच झिजल्या होत्या. मी तिला हात धुवायला लावले, खोबरेल चोळलं, कपड्यानं पुसलं, दहाही बोटं करून पाहिली. शेवटी डाव्या हाताची करंगळीशेजारची आली. अर्धा तास गेला. अर्धा तास ती माझ्यासमोर बसून होती. जुनं सिम मीच माझ्या हातानं काढून कागदाच्या पुडीत बांधून तिला दिलं.

ती म्हणाली, "नवा नंबर त्याईच्या फोनमधी बी टाका लागन ना?"

मी म्हटलं, "पोरीला सांग, ती फोनबुकात टाकेल."

तिची मुलगी दहावीला होती, चुणचुणीत. तिनं टाकला. आता बोलणं मंदाकडून फुकट होतं, म्हणून दिवसातून दहा वेळा तीच गजाननला फोन करायची. गजाननला लावायची गरजच पडत नव्हती. म्हणून त्या लाल पट्ट्यामागं अजून जुनाच नंबर बसलाय, हे त्या दोघांना कळायला काही मार्ग नव्हता. ज्याला ते कळायला हवं होतं तो रांगेतल्या पुढच्या माणसाचा अंगठा पुसत होता.

तीन आठवड्यांनी गजानन गेला.

बोंडअळीपायी लोक दोन-तीन औषधं एकत्र करून मारत होते. त्या सकाळी वारा होता. मंदा म्हणाली आज जाऊ नका. शब्दाला शब्द वाढला. शेवटी ती तडकून बोलली, "जाय मंग, मर तिकडंच." घरातल्या कुणालाही रागात तोंडातून जातं तसंच ते गेलं. सासू ओसरीवर बसलेली होती, तिनं ऐकलं. मग गजानन फवारणीला गेला आणि मंदा दुसऱ्या शिवारात सोयाबीन सोंगायला, म्हणजे कापायला. दोन्ही शेतांत पायी दहा मिनिटांचं अंतर.

गजानन एका गुराख्याला सापडला, धुऱ्याजवळ पालथा पडलेला. फोन हातात होता. दवाखान्यात पोहोचेपर्यंत त्याची शुद्ध हरपली होती, पण गुराख्यानं उचललं तेव्हा तो थोडंसं बोलला होता. गुराख्यानं ते जसंच्या तसं गावात सांगितलं: "'मंदाचा फोन बंद हाये,' इतकंच म्हनून राह्यला होता." डॉक्टर म्हणाले, अर्धा तास आधी आणायला पाहिजे होतं.

एवढं गावाला पुरेसं होतं. सकाळचं भांडण सासूनं ऐकलं होतं. नवऱ्याचे शेवटचे शब्द गुराख्यानं ऐकले होते. मधलं गावानं स्वतः जोडलं. बाईनं रागानं फोन बंद करून ठेवला आणि माणूस गेला.

तेरावं झाल्यावर मंदा दुकानात आली. एकटीच. दोन्ही फोन तिनं काउंटरवर ठेवले.

"सलीमभौ, सारं गाव म्हनते म्या फोन बंद केला. माया फोन चालू होता. दिवसभर कमरेले खोचेल होता. तुमी मशीनवाले हा. तुमाले दिसन. पाहा अन् सांगा मले."

मी गजाननच्या फोनमधली केलेल्या फोनांची यादी उघडली. एकापाठोपाठ एक नऊ फोन. सगळे एकाच नंबरला आणि त्या नंबरापुढं नाव नव्हतं. नावाची मला गरजही नव्हती. ते दहा आकडे मी स्वतः एकेक करून त्या फाइलीत बसवले होते. पहिल्या आणि शेवटच्या फोनमध्ये सत्तावीस मिनिटं गेली होती. सत्तावीस मिनिटं तो माणूस तिच्या फोटोवर बोट ठेवत होता आणि कागदाच्या पुडीत बांधलेल्या सिमला फोन लावत होता, आणि दर वेळी एक बाई त्याला सांगत होती की हा क्रमांक सध्या बंद आहे.

मंदा माझ्याकडे टक लावून बघत होती.

आमच्या धंद्यात एक शब्द आहे, तो कुठल्याही चुकीवर घालता येतो. फोन अडकला, आवाज तुटला, दुरुस्ती बिघडली, आपण तो शब्द म्हणतो आणि गिऱ्हाईक मान हलवून जातं. मी तोच म्हटला.

"नेटवर्क नसेल, वहिनी."

"नेटवर्क नसलं तं चालू फोन बंद सांगते?"

"सांगू शकते."

"मंग हे तुमी गावात येऊन सांगसान का? माया सासूले सांगा. माई पोरगी माह्याशी बोलून नाई राह्यली."

"येईन कधी," मी म्हणालो.

मग तिनं गजाननचा फोन माझ्याकडे सरकवला. तो मुलीला अभ्यासासाठी द्यायचा होता. पण बटण दाबलं की आईचा फोटो येतो, तो मुलीला बघवत नव्हता. तेवढं काढून द्या, म्हणाली.

तो पट्टा काढायला मला दहा मिनिटं पुरली असती. बाकी फोन होता तसा राहिला असता, नऊ फोनांच्या यादीसकट. मी तसं केलं नाही. मी अख्खा फोन कोरा केला. कंपनीनं विकला तेव्हा जसा होता तसा. तिला म्हणालो, मुलीला अगदी नव्यासारखा वापरता येईल. तिनं मला दुवा दिली. मी पुरावा पुसत होतो आणि ती माझ्या लेकरांचं भलं होवो म्हणत होती. नवरा सत्तावीस मिनिटं फोन लावत होता हे कळून ती मोडून पडू नये म्हणून मी खोटं बोललो, असं मी पुढं बरेच दिवस स्वतःला सांगत राहिलो. खरं म्हणजे मी घाबरलो होतो. नऊ फोनांची ती यादी कुणी वाचता येणाऱ्यानं पाहिली असती तर तो नंबर कुणाचा आणि तिथं कुणी घातला हे निघायला वेळ लागला नसता.

त्यानंतर फाइलींच्या कामाला मी हात लावला नाही. काच बदल, बॅटरी बदल, कव्हर विक. हाफिजचाचांनी नवा फोन आणला, त्यात 'नमाज' घालून दे म्हणाले. मी सांगितलं, नव्या फोनांत जमत नाही. चाचा उतरल्या तोंडानं परत गेले.

दोनेक महिने गेले. मंदाच्या गावचा एक माणूस चार्जर घ्यायला आला. मी सहज विचारल्यासारखं विचारलं. तो म्हणाला, "तिले वेगळं काढलं. सासू तिच्या हातचं पानी बी घेत नाई. पोरगी सासूजवळ राह्यते. बाई बोलतच नाई कोनाशी, पागल झाल्यावानी झाली."

दुसऱ्या दिवशी मी दुकान बंद ठेवून जीप धरली.

मंदा अंगणात कापसातला कचरा निवडत बसली होती. अळीनं खाल्लेला, पिवळट, डागाळलेला कापूस. मला बघून ती उठली, बसायला पोतं टाकलं. मी बसलो नाही. बसलो असतो तर बोलू शकलो नसतो. उभ्यानंच सगळं सांगितलं. दहा आकडे, जुनं सिम, नऊ फोन, आणि माझं खोटं.

तिनं मधे एकदाही अडवलं नाही. शेवटी एवढंच विचारलं, "म्हंजे म्या बंद नोता केला?"

"नाही."

"मलेच वाटाले लागलं होतं," ती म्हणाली, "का मायाच हात लागला असन. सोंगता सोंगता दाबला गेला असन. रोज आठोतो मी, कवा हात लागला म्हनून." आणि ती रडायला लागली. मोठ्यानं नाही. हातात कापूस होता तसाच.

मग तिनं तोंड पुसलं आणि माझ्याकडे बघितलं. आतापर्यंत ती मला अहो-जाहो करायची. "चाल घरात," ती म्हणाली. "जे मले सांगतलं ते सासूसमोर सांग."

सासूचं घर तिथून दहा पावलांवर होतं. सासू दारातच बसलेली. मंदाचा दीर बाजेवर, आणि आत मुलगी पुस्तक घेऊन. मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. माझी चूक आहे, हिचा फोन चालू होता, गजाननला नंबर लागला तो जुना लागला. मुलगी उठून दारापर्यंत आली. ऐकत होती.

दीर म्हणाला, "इतक्या दिवसानं काऊन आला बे तू?"

मी म्हटलं, हिंमत नव्हती.

म्हातारीनं मला वरून खाली बघितलं. माणूस पारखायची तिची रीत असावी. मग मंदाकडे न बघता म्हणाली, "हिनं पढवून आनला तुले."

"अल्लाची कसम, आजी. नऊ वेळा लावलेला फोन मी या डोळ्यांनी बघितला."

"कोठी हाये? दाखव."

मुलगी आत गेली आणि बापाचा फोन घेऊन आली. तिनं तो माझ्या हातात दिला नाही. स्वतःच उघडला. केलेल्या फोनांची यादी वरपासून खालपर्यंत सरकवली. मैत्रिणी, शिकवणीचे सर, आत्या. त्याच्या खाली काही नव्हतं. ती पुन्हा वर गेली, पुन्हा खाली आली. मी तिच्या बोटाकडे बघत होतो. ते सापडावं असं त्या पोरीइतकं कुणाला वाटत नसेल. आईवर विश्वास ठेवायला तिला एक ओळ पुरली असती.

"यात तं काहीच नाई," ती म्हणाली.

"ते मीच पुसलं," मी म्हणालो.

"तुमीच घातलं, तुमीच पुसलं," मुलगी म्हणाली, "अन् आता तुमीच सांगून राह्यले." शाळेत उत्तर द्यावं तसं सरळ बोलली. राग असता तर बरं झालं असतं. ती फोन घेऊन आत गेली आणि पुन्हा पुस्तक उघडून बसली. म्हातारीनं तोंड फिरवलं. दीर उठून गोठ्याकडे निघून गेला.

मंदा मला गावाच्या फाट्यापर्यंत सोडायला आली. मी नको म्हणत होतो तरी आली. जीप येताना दिसली तेव्हा ती थांबली.

"मले कळलं ते बरं झालं, भौ," ती म्हणाली. "पन त्या रोजी सांगतलं असतं, तं माह्या पोरीनं मानलं असतं."